दोन घरचा पाहुणा

‘सहकार्य’, ‘सहभाग’, ‘भागीदारी’ हे शब्द कानीं पडले कीं मनांत नकळत एक प्रसन्न भाव उमटतो. एकट्याला न पेलणारें ओझें चार हातांनीं उचलावें, यांत वाईट तें काय? म्हणूनच आपल्या नगरपालिका, परिवहन उपक्रम, विद्यापीठें आणि रुग्णालयें जेव्हां आपलें नेहमींचें काम एखाद्या कंपनीस किंवा न्यासास देतात, तेव्हां त्या कृत्यास ‘कंत्राट’ हें रोखठोक नांव न देतां ‘भागीदारी’ म्हणण्याची चाल आतां चांगलीच रूढ झाली आहे. नांवावर माझा आक्षेप नाहीं. त्या नांवाच्या आडून जी एक वस्तु गुपचूप नाहींशी केली जाते तिच्याविषयीं मला बोलावयाचें आहे. ती वस्तु म्हणजे जबाब. काम दोघांनीं वांटून घेतलें, पैसा वांटून घेतला, उद्घाटनाच्या दिवशींचें श्रेयहि वांटून घेतलें. पण कांहीं बिघडलें म्हणजे ‘कोणीं?’ या प्रश्नाचें उत्तर देण्याचें काम मात्र कोणाच्याच वांट्यास येत नाहीं. दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी आपली म्हण आहे. आजचा नागरिक तो पाहुणा झाला आहे.

माझें म्हणणें थोडक्यांत असें कीं, सार्वजनिक संस्थेला आपलें काम दुसऱ्याच्या हातून करवून घेण्याचा अधिकार आहे, परंतु त्या कामाचा जबाब दुसऱ्याच्या तोंडून देवविण्याचा अधिकार तिला नाहीं. जबाब हा अधिकारांतून आणि करांतून उत्पन्न होतो, आणि हे दोन्ही ती संस्था स्वतःपाशींच ठेविते. कंपनीला बसचा मार्ग ठरवितां येत नाहीं, भाडें ठरवितां येत नाहीं, घरपट्टी बसवितां येत नाहीं. ज्यानें सत्ता राखून ठेविली त्यानेंच जबाबहि राखून ठेवावा, हा साधा न्याय आहे. तो इतका उघड असूनहि पाळला जात नाहीं, आणि न पाळण्याचें समर्थन चांगलीं शिकलेलीं माणसें करितात, म्हणून हा लेख.

उदाहरणादाखल मुंबईची ‘बेस्ट’ घेऊं. जिचा जन्म कंपनीच्या पोटीं झाला आणि जिला शहरानें पुढें आपली करून घेतली, अशा या संस्थेइतका बोलका दाखला दुसरा मिळणें कठीण. १८७३ मध्यें बॉम्बे ट्रामवे कंपनी निघाली. ९ मे १८७४ रोजीं घोड्यांची ट्राम मुंबईच्या रस्त्यावर आली. १९०५ मध्यें हा व्यवसाय विजेचा पुरवठा करणाऱ्या एका नव्या कंपनीकडे गेला, १९०७ मध्यें विजेची ट्राम सुरू झाली, आणि १५ जुलै १९२६ रोजीं पहिली मोटार-बस धांवली. पुढें ७ ऑगस्ट १९४७ रोजीं, देश स्वतंत्र होण्यापूर्वीं अवघे आठ दिवस, मुंबई महापालिकेनें हा सारा कारभार आपल्या हातीं घेतला. मालकाचें नांव बदललें एवढाच त्याचा अर्थ नव्हता. त्या दिवसापासून उशिरा येणाऱ्या बसची तक्रार भागधारकांच्या सभेंत नव्हे, तर नगरसेवकांच्या सभेंत नेतां येऊं लागली. परळच्या गिरणींतून सुटणाऱ्या कामगाराला कंपनीचा शेअर विकत घेणें शक्य नव्हतें. आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला रस्त्यांत गांठून चार शब्द सुनावणें शक्य होतें.

सत्तर वर्षांनंतर तीच संस्था उलट वाटेनें चालूं लागली. कारणें खोटीं नव्हतीं. विजेच्या नफ्यांतून बसचा तोटा भरून काढण्याची जुनी सोय बंद झाली, आणि तोट्याचा डोंगर वाढत गेला. त्यावर उपाय म्हणून ‘वेट लीज’ नांवाची पद्धति आली. शब्दशः मराठी केलें तर ‘ओला भाडेपट्टा’ असें होईल, आणि ऐकणाराला तो कुळकायद्यांतला शब्द वाटेल. अर्थ इतकाच कीं गाडी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, देखभाल कंत्राटदाराची. मार्ग, तिकीट, रंग आणि नांव बेस्टचें. दर किलोमीटरला ठराविक रक्कम बेस्टनें कंत्राटदारास मोजावयाची. जुलै २०१९ मध्यें किमान भाडें पांच रुपयांवर आणलें तेव्हां लोक खूष झाले; त्या स्वस्ताईच्या पाठोपाठ काय येत आहे इकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. (ती स्वस्ताईहि टिकली नाहीं. मे २०२५ मध्यें तेंच भाडें दहा रुपये झालें.) बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या गाड्या एके काळीं तीन हजारांहून अधिक होत्या, २०२५ पर्यंत त्या हजाराच्या खालीं आल्या, आणि रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या परक्याच्या झाल्या. प्रवाशाला यांतलें कांहींच दिसत नाहीं. तो थांब्यावर उभा असतो, गाडी येते, तिच्यावर ओळखीचें नांव असतें, आणि तो चढतो. ज्या विश्वासानें तो चढतो तो बेस्टनें दोन-तीन पिढ्यांत मिळविलेला आहे. कंत्राटदाराला तो किलोमीटरच्या दराबरोबर फुकट मिळतो.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्रीं कुर्ल्याच्या एस. जी. बर्वे मार्गावर अशाच एका भाडेपट्ट्याच्या विद्युत्-बसनें भर गर्दींत घुसून माणसांना आणि वाहनांना चिरडलें. नऊ माणसें मृत्यु पावलीं, चाळिसांहून अधिक जखमी झालीं. चालकाला अटक झाली. या जातीची मोठी विद्युत्-गाडी चालविण्याचा त्याचा सराव अगदीं थोड्या दिवसांचा होता, असें तेव्हांच्या वर्तमानपत्रांनीं छापलें. चालकाचा दोष किती आणि इतर कारणें किती, याचा निर्णय न्यायालय करील; त्यांत मला पडावयाचें नाहीं. मला त्याच्या आधींच्या पायरीविषयीं विचारावयाचें आहे. क्लच-गिअरच्या जुन्या गाडीवरून या नव्या गाडीवर येणाऱ्या चालकाला किती दिवस शिकवावें, हें कोणीं ठरवावयाचें? शिकवून झाल्यावर ‘हा माणूस आतां कुर्ल्याच्या बाजारांतून गाडी नेण्यास योग्य झाला’ अशा कागदावर सही कोणाची असावयाची? बेस्टच्या अधिकाऱ्याची, कीं ज्याचें उत्पन्न गाडीच्या किलोमीटरवर अवलंबून आहे त्या कंत्राटदाराच्या व्यवस्थापकाची? चालक नवशिका म्हणून गाडी आगारांत उभी राहिली तर नुकसान कंत्राटदाराचें. तो नवशिका असूनहि ती रस्त्यावर निघाली तर धोका रस्त्यावरच्या माणसाचा. अशा वेळीं ‘योग्य आहे’ असें म्हणण्याचा अधिकार नुकसान सोसणाराच्या हातीं ठेवणें हें मांजराला दुधाच्या राखणीस बसविण्यासारखें आहे.

चालक तर तुरुंगांत गेला. अशा प्रसंगीं नेहमीं सर्वांत खालच्या पायरीवरचा माणूस जातो. त्याचें नांव, त्याचा पत्ता, त्याचें छायाचित्र दुसऱ्या दिवशीं सर्वांना ठाऊक होतें. ज्यानें शिक्षणाचे दिवस मोजले त्याचें नांव मात्र कोणाच्या तोंडीं येत नाहीं. चालकाची निवड, शिक्षण, परीक्षा आणि शिक्षा ही सारी साखळी जोंपर्यंत एका छपराखालीं होती, तोंपर्यंत तींतली कोणती कडी तुटली तें शोधतां येत असे. आतां साखळीचें एक टोंक एका कचेरींत, दुसरें दुसऱ्या कचेरींत, आणि मधली कडी कराराच्या एखाद्या कलमांत.

कायद्याला हा प्रश्न नवा नाहीं. राजस्थान राज्य परिवहन महामंडळानें भाड्यानें घेतलेल्या एका बसला अपघात झाला होता. गाडी खासगी मालकाची, चालक त्या मालकाचा नोकर, वाहक महामंडळाचा. चालक आमचा नोकर नव्हे, सबब भरपाई आम्ही देणें लागत नाहीं, असें महामंडळाचें म्हणणें होतें. सर्वोच्च न्यायालयानें १९९७ मध्यें तें अमान्य केलें. गाडी कोणाच्या ताब्यांत होती, कोणाच्या हुकुमानें आणि कोणाच्या प्रवाशांना घेऊन चालली होती, हें न्यायालयानें पाहिलें आणि महामंडळालाहि जबाबदार धरलें. त्याचप्रमाणें १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानें मजुरीच्या बाबतींत हेंच तत्त्व मानलें होतें: कंत्राटदारानें वेतन बुडविलें तर तें मुख्य मालकानें भरावें आणि मागाहून कंत्राटदाराकडून वसूल करावें. म्हणजे मेल्यावर भरपाई आणि राबल्यावर मजुरी, या दोन ठिकाणीं कायद्यानें नागरिकाला ठोठावण्यासाठीं एक दार दाखवून ठेविलें. या दोन टोंकांच्या मध्यें माणसाचा जो रोजचा व्यवहार असतो, तेथें मात्र तो अजून दोन दारांमध्यें हेलपाटे घालीत आहे.

यावर कारभाऱ्यांचें एक ठरलेलें उत्तर असतें. करारांत दंडाचीं कलमें आहेत. फेरी चुकली तर दंड, गाडी नादुरुस्त निघाली तर दंड. मग जबाबदारी ठरविली नाहीं असें कसें म्हणतां? हें उत्तर ऐकून पुष्कळ शहाणीं माणसें गप्प बसतात. पण करार हा करणाऱ्या दोघांना बांधतो. तिसऱ्याला त्याच्या आधारें सहसा कांहीं मागतां येत नाहीं, हें कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सांगेल. तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन तासभर थांब्यावर उभी राहिलेली बाई त्या करारांत कोठें आहे? फेरी चुकली ती तिची, आणि दंड जमा होतो तो बेस्टच्या खात्यावर. पुढच्या महिन्याच्या बिलांतून कांहीं रक्कम वजा झाली, एवढेंच त्या फेरीचें श्राद्ध. दंड हा दोन व्यापाऱ्यांमधला हिशेब आहे. तो जरूर असावा. त्यालाच जबाब म्हणून नागरिकापुढें ठेवणें ही मात्र शुद्ध फसवणूक आहे.

शिवाय दंडाची भीति ज्याला कंत्राट टिकवावयाचें आहे त्यालाच. २०२२ मध्यें एका कंत्राटदारानें आपली सेवा थांबविली, आणि त्याच्या लहान बसगाड्या एकाएकीं रस्त्यांवरून नाहींशा झाल्या. ऑगस्ट २०२३ मध्यें कंत्राटी चालकांनीं संप पुकारला. आठवडाभर शेंकडों गाड्या आगारांत उभ्या राहिल्या. आम्ही बेस्टच्याच मार्गावर बेस्टचेंच काम करितों, मग आमचें वेतन निराळें कां, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो अगदीं रास्त होता. परंतु ते नोकर कंत्राटदाराचे, म्हणून तंटा कंत्राटदाराशीं. प्रवाशानें तिकीट काढलें तें बेस्टचें, आणि बेस्टपाशीं ना गाडी ना चालक. त्या आठवड्यांत पासाचे पैसे आगाऊ भरलेल्या माणसानें कोणाचा हात धरावयाचा होता?

माहितीच्या बाबतींतहि तोच खेळ. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानें सार्वजनिक प्राधिकरणाला उत्तर देण्यास भाग पाडलें. पण त्याच कायद्याच्या आठव्या कलमांत व्यापारी गुपिताचा अपवाद आहे. व्यापक लोकहितासाठीं तो अपवाद बाजूला सारतां येतो, असेंहि त्याच कलमांत लिहिलें आहे. व्यवहारांत मात्र वाक्याचा पूर्वार्ध वाचला जातो आणि उत्तरार्धाचें पान चिकटून बसतें. व्यापाऱ्याचें गुपित त्याच्या यंत्राच्या रचनेंत असेल, मालाच्या खरेदींत असेल. चालकाला किती दिवस शिकविलें, ब्रेक केव्हां तपासले, गेल्या वर्षीं किती फेऱ्या चुकल्या, हें कोणत्या व्यापाऱ्याचें गुपित आहे? हीं कामें बेस्ट स्वतः करीत असती तर हीच माहिती एका अर्जावर द्यावी लागली असती. काम दुसऱ्याच्या हातीं गेलें म्हणून नागरिकाचा जाणण्याचा हक्क कमी होतो, असें ज्यांना वाटतें त्यांनीं तें जाहीर सभेंत तरी एकदां सांगावें.

केवळ बसलाच दोष देत आहें असें कोणी समजूं नये. आम्हां प्राध्यापकांच्या जगांतहि हें घडलें आहे. २०१७ मध्यें, म्हणजे स्थापनेला १६० वर्षें पुरीं झालीं त्याच वर्षीं, मुंबई विद्यापीठानें सुमारें सतरा लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचें ठरविलें आणि त्याची यंत्रणा चालविण्याचें काम एका खासगी कंपनीस दिलें. निकाल महिनोन्महिने रखडले, उत्तरपत्रिकांची गल्लत झाली, आणि पुढच्या प्रवेशांच्या मुदती डोळ्यांदेखत टळून गेल्या. यंत्रणा कच्ची होती कीं विद्यापीठाची घाई अविचारी होती, यावर तेव्हां पुष्कळ वाद झाला. शेवटीं ऑक्टोबर २०१७ मध्यें कुलपतींनीं कुलगुरूंना पदावरून दूर केलें. त्या शिक्षेच्या योग्यायोग्यतेचा प्रश्न येथें बाजूला ठेवितों. येथें एवढेंच पाहावयाचें कीं कंपनीकडे बोट दाखवून विद्यापीठाची सुटका झाली नाहीं, कारण विद्यापीठाच्या कायद्यांत कुलगुरु नांवाचें एक पद होतें आणि त्या पदाला विचारणारा कुलपति नांवाचा एक अधिकारी होता. जेथें असा पत्ता कायद्यांतच लिहिलेला असतो, तेथें उशिरा कां होईना, प्रश्न त्या पत्त्यावर पोंचतो.

सहकारी संस्था धर्मादाय असली म्हणजे गोष्ट अधिक नाजूक होते. शाळेंतलें दुपारचें जेवण एखादा न्यास शिजवून देतो, किंवा बचत गटाच्या बायका शिजवितात. खिचडी कच्ची निघाली असें म्हणावें तर म्हणणारा कृतघ्न ठरतो. ‘ते बिचारे सेवाभावानें करितात’ या वाक्यानें तोंड बंद होतें. पण पोराच्या ताटांतली खिचडी हें दान नव्हे. नोव्हेंबर २००१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें शिजविलेलें अन्न देण्याचा हुकूम राज्यांना केला. कोणत्याहि न्यासाला केला नाहीं. शिजविणाराच्या पुण्याईनें सरकारचें ऋण फिटत नाहीं.

आतां एका आक्षेपाला उत्तर दिलें पाहिजे, कारण तो प्रामाणिक आहे. संस्था स्वतः काम करीत होत्या तेव्हां तरी जबाब कोण देत होतें? ‘हें टेबल माझें नव्हे’ हें उत्तर कंत्राटदार येण्याच्या पुष्कळ आधींपासून कचेऱ्यांत ऐकूं येत आहे. खरें आहे, आणि जुन्या कारभारावर आरती ओवाळण्याची मला हौस नाहीं. पण तीं टेबलें एका इमारतींत असतात आणि त्या इमारतीचा एक मुख्य असतो. मुंबईच्या नगरकारभाराची घडणच या जाणिवेवर झालेली आहे. १८६५ च्या कायद्यानें म्युनिसिपल कमिशनरच्या हातीं जवळजवळ सारी सत्ता दिली. आर्थर क्रॉफर्ड यांनीं शहर पुष्कळ सुधारलें आणि तिजोरी खालीं आणली. १८७१ मध्यें करदाते खवळले. एकट्या अधिकाऱ्याची ही सत्ता काढून ती एखाद्या मंडळाला द्या, अशी ओरड झाली. त्या वेळीं अवघ्या सव्वीस वर्षांचे फिरोजशहा मेहता लोकमताच्या प्रवाहाविरुद्ध उभे राहिले. अंमल एकाच अधिकाऱ्याच्या हातीं राहूं द्या, आणि त्याच्यावर करदात्यांनीं निवडलेल्या सभेचा अंकुश ठेवा, असें त्यांचें म्हणणें होतें. अंमल अनेकांत विभागला कीं दोष कोणाचा हें कळण्याचा मार्गच खुंटतो. १८७२ चा आणि पुढें १८८८ चा कायदा याच धर्तीवर झाला. मेहतांना भीति होती ती एका सभागृहांत बसणाऱ्या दहा-पांच माणसांत जबाब विरघळून जाण्याची. तो एका सार्वजनिक संस्थेंत, तीन-चार कंपन्यांत आणि त्यांच्या पोटकंत्राटदारांत विरघळलेला त्यांनीं पाहिला असता तर काय म्हटलें असतें, याची कल्पना करावी.

आणि अंकुशाचें काय झालें? मार्च २०२२ मध्यें मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली, त्यानंतर जवळजवळ चार वर्षें महापालिकेवर प्रशासक होता. कंत्राटदार सेवा सोडून गेला, चालकांचा संप झाला, कुर्ल्यास नऊ माणसें मेलीं, हें सर्व त्या काळांतलें. यांतल्या एकाहि प्रसंगीं लोकांनीं निवडलेल्या सभागृहांत उभें राहून बेस्टच्या महाव्यवस्थापकांना प्रश्न विचारणारा नगरसेवक नव्हता. एका बाजूनें काम बाहेर गेलें आणि दुसऱ्या बाजूनें विचारणारा घरीं गेला. ही दोन्ही दारें एकाच वेळीं बंद झाल्याचें फारसें कोणास जाणवलें नाहीं, हें आम्हां मुंबईकरांच्या सार्वजनिक वृत्तीला शोभणारें नाहीं.

जानेवारी २०२६ मध्यें निवडणूक झाली. सभागृह पुन्हां अस्तित्वांत आलें आहे. म्हणून जें मागावयाचें तें आतांच मागितलें पाहिजे. भाडेपट्ट्याचे सर्व करार, दंडाच्या कलमांसह आणि आजवर वसूल केलेल्या दंडाच्या हिशेबासह, सभागृहाच्या पटलावर ठेवावेत आणि मराठींत छापून आगाराआगारांत लावावेत. चालक योग्य झाल्याच्या दाखल्यावर बेस्टच्याच पगारी अधिकाऱ्याची नांवानिशीं सही असावी. ती सही करण्यासाठीं जितके परीक्षक लागतील तितके बेस्टनें नेमावेत, आणि त्यांचा खर्च किलोमीटरच्या दरांत आधींच धरावा. खर्च वाढतो म्हणून तें जमत नसेल, तर भाडेपट्टा मुळांतच स्वस्त नव्हता, आणि ती स्वस्ताई कोणाच्या जिवावर चालली होती तें उघड होईल. तक्रार करणाऱ्याला ‘ती गाडी कंत्राटदाराची आहे’ असें उत्तर बेस्टच्या कोणत्याहि खिडकीवर मिळूं नये. कंत्राटदाराला काय विचारावयाचें तें बेस्टनें आपल्या घरांत विचारावें. चुकलेल्या फेऱ्यांच्या दंडांतून पासधारकांना कांहीं परत देतां येईल कीं नाहीं, याचाहि हिशेब एकदां मांडून पाहावा. यासाठीं दिल्लीस कायदा करावयास जावें लागत नाहीं. पुढचा करार लिहितांना चार कलमें अधिक घालावीं लागतात, आणि तीं घातलीं कीं नाहीं तें सही होण्यापूर्वीं वाचून पाहणारा एक नगरसेवक लागतो.